एका कर्जमाफीचा सत्कार

यंदाही उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले आहेत. निवृत्त माणसाला विद्यापीठ एरवी विसरतं. तपासनीस कमी पडले की आठवतं. एप्रिल संपत आलाय. चंद्रपुरात सकाळी दहालाच रस्ते ओस पडतात, आणि कूलरच्या वाळ्यावर पहिलं पाणी पडलं की जो वास सुटतो, तोच या गावाचा वसंत. अर्थशास्त्राच्या पेपरात सातवा प्रश्न असा आहे : 'गरीब व युद्धग्रस्त देशांना दिलेल्या कर्जमाफीचे परिणाम स्पष्ट करा.' गुण दहा. मुलं मुद्देसूद लिहितात. भार हलका होतो. शिक्षण व आरोग्यावरचा खर्च वाढतो. राहणीमान उंचावतं. आदर्श उत्तरातही हेच छापलेलं आहे, त्यामुळे मी मुकाट्याने आठ गुण देतो. काल एकाने लिहिलं होतं, 'कर्जमाफीमुळे देश आनंदी होतो.' त्याला मी अर्धा गुण जास्त दिला. कर्जमाफीने आनंदी झालेला देश मी एकदा पाहिला आहे. तो आमच्या गल्लीत भाड्याने राहत होता, त्याची उंची सहा फुटांच्या वर होती, आणि त्याला आम्ही शाल-श्रीफळ दिलं होतं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. जिल्ह्याचे नुकतेच दोन तुकडे झाले होते. गडचिरोलीच्या वाटणीला जंगल गेलं, चंद्रपूरकडे कोळसा राहिला, आणि दोन्हीकडच्या माणसांना आपल्या वाटणीला काय आलं ते नीटसं कळलं नव्हतं. सॅम्युअल तेव्हा आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. विषय भूगर्भशास्त्र. नागपुरात जागा नव्हती म्हणून विद्यापीठाने त्याला इकडे ढकललं होतं. त्याच्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तशा अवस्थेतले देश तेव्हा इतके होते की कोणतंही नाव घातलं तरी वाक्य बदलत नाही. जमिनीखाली तांबं होतं. ते तांबं समुद्रापर्यंत न्यायला रेल्वे हवी म्हणून सरकारने कर्ज काढलं. मग तांब्याचा भाव पडला, मग लढाई सुरू झाली, आणि लढाईत त्या रेल्वेचा पूल उडाला. पूल पडला तरी पुलाचा हप्ता उभाच होता. अर्थशास्त्राच्या चार पुस्तकांत मला जे सापडलं नव्हतं, ते सॅम्युअलने मला कोळशाच्या तुकड्याने फरशीवर नकाशा काढून पाच मिनिटांत समजावलं होतं.

तो परकोटाजवळ, गावाच्या जुन्या तटाला लागून, दौलतभाऊच्या सायकल दुकानावरच्या खोलीत राहायचा. मी समोरच्या घरात. आम्ही दोघंही जेवायला वनमालाबाईंकडे. बाईंचा नवरा खाणीतल्या अपघातात गेला तेव्हापासून त्या खानावळ चालवत. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली आठ-दहा पाट, आणि वैनगंगेपलीकडून, गडचिरोलीजवळच्या माहेरच्या गावाहून भावाने पाठवलेला तांदूळ. सॅम्युअलचं मराठी या पाटावर तयार झालं. त्यामुळे ते थेट झाडीपट्टीचं निघालं. पहिल्या दिवशी बाईंनी तिसऱ्यांदा भात वाढला तेव्हा तो हात आडवा धरून इंग्रजीत काहीतरी म्हणाला होता. वर्षभरात तो म्हणायला लागला, "बस करा न बाई, पोट फुटून राह्यलं मायं." बाई म्हणायच्या, "एवढ्या लंब्या मानसाचं पोट कुठी सुरू होते आन कुठी संपते, मले काय माहीत?"

दिवाळीपासून त्याची शिष्यवृत्ती आली नव्हती. ती त्याच्या सरकारकडून यायची. परदेशी विद्यार्थ्याची फी आमच्या पोरांच्या कित्येक पट, ती थकली. फी थकली तर प्रवेशपत्र नाही, परीक्षा नाही. परीक्षा नाही तर पुढचा प्रवेश नाही, आणि प्रवेश नसला तर जूनअखेर त्याचा राहण्याचा परवाना संपणार होता. परवाना संपला की परत. परत म्हणजे काय, ते फेब्रुवारीत आलेल्या त्याच्या भावाच्या पत्रात होतं. त्याच्या गावी बाजारातून, चर्चच्या दारातून, बसमधून उतरवून तरुण पुरुषांना ट्रकमध्ये भरत होते. कोण भरत होतं? सोमवारी एक बाजू, गुरुवारी दुसरी. पत्राच्या शेवटी भावाने लिहिलं होतं, 'शिकत राहा. नापास हो, पण शिकत राहा.' सॅम्युअलने ते वाक्य मला भाषांतर करून सांगितलं आणि हसला. मग बराच वेळ पत्राची घडी घालत बसला. कागद छोटा होता, घडी काही संपत नव्हती.

त्या उन्हाळ्याचं मला काय काय आठवतं? वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर कोळशाच्या भुकटीची नक्षी. बाजारात बायकांनी टोपल्यांतून आणलेल्या मोहाफुलांचा गोड, किंचित आंबूस दर्प. अंबाडीचं सरबत. दुपारी दौलतभाऊच्या दुकानात पंक्चर काढायच्या सोल्युशनचा वास, आणि भर उन्हात टायर फुटल्याचा आवाज. तो आवाज झाला की सॅम्युअल जिन्यावर जिथे असेल तिथे खाली बसायचा. पहिल्यांदा आम्ही हसलो. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. त्यानंतर दौलतभाऊ टायरात हवा भरताना वर तोंड करून ओरडायचा, "सामू, हवा भरून राह्यलो रे!" इतकं सगळं. त्याचा अर्थ कुणी कुणाला समजावला नाही.

मार्चअखेर नागपूरच्या पेपरात आतल्या पानावर एक बातमी आली. सॅम्युअलच्या देशाला धनको राष्ट्रांच्या बैठकीत कर्जमाफी. मी ती वाचली आणि चप्पल न घालताच समोर गेलो. खरं सांगायचं तर मी मथळा वाचला, पहिला परिच्छेद वाचला, आणि उरलेलं मला माहीतच आहे असं धरून चाललो. पंधरा वर्षं हाच विषय शिकवत होतो. पोरांना दरवर्षी बजावत होतो की आर्थिक बातमी शेवटाकडून वाचावी, अटी तिथे असतात. त्या दिवशी अटी शेवटच्या परिच्छेदातच होत्या. माफी नव्हतीच; हप्ते पुढे ढकलले होते. आणि बदल्यात त्या सरकारने आपला खर्च कापायचा होता. कुठला खर्च, ते लिहिलं नव्हतं.

गल्लीत बातमी माझ्या शब्दांत पसरली. म्हणजे पूर्ण माफी, बिनशर्त. दौलतभाऊने सायकलीचं चाक फिरवत विचारलं, "काऊन रे सामू, अख्ख्या देशाचं माफ झालं म्हनते. माया सायकलीचं भाडं कवा देतं?"

"देतो न भाऊ. आता तं आमी श्रीमंत झालो," सॅम्युअल म्हणाला.

"मंग एक चाय पाज."

"चायचे पैसे पुढच्या बैठकीत."

दोघं हसले. मीही हसलो. तो विनोद बातमीपेक्षा खरा होता, हे मला तेव्हा समजलं नाही.

याच दिवसांत दुसरी एक गोष्ट चालली होती. नागपूरला एका मिशनचं वसतिगृह होतं. तिथे दरसाल एका परदेशी विद्यार्थ्याची फी भरली जायची. सॅम्युअलने अर्ज लिहून ठेवला होता. सोबत प्राध्यापकाची शिफारस हवी होती, आणि ती मी देणार होतो. मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. तो कागद घेऊन आला तेव्हा मी त्याला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, आणि सल्ला दिला. म्हणालो, "आता तुमच्या सरकारच्या हातात पैसा खेळेल. महिन्याभरात शिष्यवृत्ती येईल, थकलेलीसुद्धा. ही जागा एखाद्या खऱ्या गरजूला जाऊ दे."

तो विचारात पडला. म्हणाला, "सर, नक्की येईल?"

मी म्हणालो, "मी शिकवतो काय मग?"

त्याने अर्ज घडी करून खिशात ठेवला. मला फार बरं वाटलं. दुसऱ्याला नैतिक करणं फार स्वस्त पडतं.

आणि मग परिसंवाद. त्याची कल्पना माझीच, हे कबूल करायला हवं. प्राचार्यांना ती आवडली कारण वर्षअखेरीस एका कार्यक्रमाची तरतूद शिल्लक होती. 'तिसऱ्या जगाची कर्जमुक्ती : एक नवी पहाट' असं कापडी फलकावर लिहिलं. पेंटरने पहाटेचा सूर्यही काढला, तो त्याच्या ठरलेल्या दरात धरलेला होता. बाहेरगावचे प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. दीपप्रज्वलनाला पंखे बंद करावे लागले, आणि चंद्रपूरच्या एप्रिलमध्ये पंखे बंद करून चारशे माणसांनी पाच वाती पेटण्याची वाट पाहिली. स्वागतगीत झालं. परिचय झाले. पाहुण्यांनी 'ऋण' या कल्पनेचा उगम वेदांपासून आणला आणि तिथेच सोडून दिला. मी निबंध वाचला. टाळ्या पडल्या.

शेवटी सॅम्युअलला मंचावर बोलावलं. लाभार्थी राष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून. शाल, श्रीफळ, झेंडूचा हार. हार गळ्यात घालायला पाहुण्यांना टाचा उंचवाव्या लागल्या, त्याचा फोटो निघाला. दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. तो माइकपाशी वाकला आणि म्हणाला, "माया देशाले सूट भेटली म्हनते. तुमाले सगळ्याइले आनंद झाला, मले बी झाला. मायी परीक्षा मे महिन्यात हाये. शिष्यवृत्ती आली का मी पेपर देतो. धन्यवाद." सभागृह टाळ्यांनी फुटायचं राहिलं. परदेशी माणूस झाडीपट्टीत बोलला म्हणून टाळ्या होत्या. तो काय म्हणाला, ते मागच्या बाकावर बसलेल्या वनमालाबाईंनी तेवढं ऐकलं. घरी जाताना त्या मला म्हणाल्या, "सर, तो मानूस तिथी उभा राहून फी मांगत होता. तुमी सगळ्याइनं टाळ्या काऊन वाजवल्या?"

नारळ बाईंनी फोडला. चार दिवस जेवणात चटणी होती.

एप्रिलच्या मध्यावर दिल्लीहून त्यांच्या दूतावासाचं पत्र आलं. टंकलिखित, सगळ्या विद्यार्थ्यांना एकच. नाव तेवढं हाताने भरलेलं. देशाला मिळालेल्या सवलतीच्या अटींनुसार सरकारने काटकसर करायची आहे, सबब परदेशातल्या शिष्यवृत्त्या थांबवण्यात येत आहेत; थकीत रकमांबाबत पुढे कळवण्यात येईल. परतीच्या तिकिटाची सोय मात्र दूतावास करील. तेवढं परकीय चलन त्यांच्याकडे होतं.

मी पत्र दोनदा वाचलं, या खेपेला शेवटाकडून. हातात कर्जमाफीचा परिणाम होता, स्पष्ट केलेला. मी त्याच रात्री शिफारस लिहिली आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.ने नागपूरला गेलो. वसतिगृहाचे व्यवस्थापक वयस्क, सज्जन गृहस्थ होते. त्यांनी मला चहा दिला. म्हणाले, जागा गेल्या आठवड्यात दिली. मुलगा खरोखर गरजू आहे. मी त्या मुलाचं नाव विचारलं नाही. परतीच्या एस.टी.त मी खिडकीकडची जागा नाकारली. का, ते सांगता येणार नाही. चांगलं काही घ्यावंसं वाटत नव्हतं.

प्राचार्यांनी विद्यापीठाला विचारलं, विद्यापीठाने नियम कळवला. गल्लीत वर्गणी झाली. बाईंकडे जेवणाऱ्या खाणकामगारांनी दिली, मी माझा पगार घातला. जमलं ते फीच्या पाव हिश्शालाही पुरलं नाही. परिसंवादाचा खर्च धरला असता तरी फी भरून निघाली नसती, हे मी स्वतःच्या समाधानासाठी मांडून पाहिलं. समाधान झालं नाही.

पत्र आल्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वनमालाबाई सॅम्युअलच्या खोलीत गेल्या. मी तिथेच होतो. जिना चढून आल्यामुळे त्या उंबऱ्यापाशी जरा थांबल्या, मग आत येऊन चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, "पानी दे रे सामू." त्याने माठातून पेला भरून दिला. त्यांनी तो सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि जमिनीवर उपडा ठेवला. मग काही न बोलता उठून गेल्या. थोड्या वेळाने दौलतभाऊ आला, हाताचं ग्रीस धोतराला पुसत. त्यानेही पाणी मागितलं, प्यायला, पेला उपडा ठेवला. मग कोपऱ्यावरचा वही-पुस्तकवाला आला. सॅम्युअल गोंधळून माझ्याकडे पाहत होता. मीही गोंधळलेलाच होतो.

नंतर बाईंनी सांगितलं. त्यांच्या माहेरच्या गावात असं करतात. कुणाचं घर जळलं, घरातलं माणूस गेलं, तर ज्यांचं ज्यांचं त्या घराकडे काही येणं आहे ते संध्याकाळी जातात आणि पाणी मागतात. पाणी पिऊन पेला उपडा ठेवला की येणं संपलं. पुन्हा त्याचा उच्चार करायचा नाही. बोलून दाखवलं तर घेणाऱ्याची मान खाली जाते, म्हणून बोलायचंही नाही. "आमच्या हातचं पानी गाव पेत नव्हतं तवापासून आमी आपसात हे करतो," बाई म्हणाल्या. सहा महिन्यांचं जेवण, सायकलीचं भाडं, वह्यांची उधारी असं तीन पेल्यांत संपलं. ना फलक, ना पाहुणे, ना अटी. मी दाराशी उभा होतो, आणि मला पाणी मागता आलं नाही. माझं त्याच्याकडे काही येणं नव्हतं. त्याचंच माझ्याकडे होतं.

पण तीन पेल्यांनी प्रवेशपत्र येत नाही. गरिबांनी गरिबांना सोडलेलं कर्ज कुठल्याच बँकेत वटत नाही. मे महिन्यात पेपर सुरू झाले. पहिल्या दिवशी सॅम्युअल कॉलेजात आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कंपास. आसनव्यवस्थेच्या फलकासमोर पोरांची गर्दी होती, आणि तो सगळ्यांच्या डोक्यावरून वाचत होता. त्याचा क्रमांक छापलेला होता. त्यावर लाल पेन्सिलीने रेघ होती. घंटा झाली, पोरं आत गेली. तो कडुनिंबाखाली बसून राहिला. तीन तास. ऊन सरकत होतं तसा तो बुंध्याभोवती सरकत होता. पेपर सुटल्यावर त्याने एका पोराकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि तिथेच बसून, कोऱ्या वहीत, घड्याळ लावून पेपर सोडवायला लागला. भूस्तरांच्या आकृत्या काढल्या, रंगवल्या. मी कॉलेजच्या पायरीवरून पाहत होतो.

असे त्याने सगळे पेपर सोडवले. शेवटच्या दिवशी वही माझ्या हातात दिली. "सर, कोनाकडून तरी तपासून आना. खरे मार्क द्या म्हना. दया नोका करू म्हना."

आमच्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी ती रात्रभर बसून तपासली. पहिला वर्ग. त्यांनी एका आकृतीचा अर्धा गुण कापला होता, आणि कापल्याबद्दल माझ्याकडे दोनदा खेद व्यक्त केला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस अजून तेलंगणातच अडकलेला असताना, आम्ही त्याला चंद्रपूर स्टेशनवर सोडायला गेलो. मुंबईहून विमान होतं. वनमालाबाईंनी भाताचे मुटके आणि जवसाची चटणी बांधून दिली होती. दौलतभाऊ फलाटावर नुसता इंजिनाच्या दिशेला पाहत होता. मी सॅम्युअलला म्हणालो, "पहिला वर्ग आहे." तो म्हणाला, "मले माहीत होतं." मग म्हणाला, "सर, तुमी वाईट नोका वाटून घेऊ. तुमी बी पेपरच वाचला न." मला त्याने शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

गाडी हलली तेव्हा बाई दोन पावलं गाडीबरोबर चालल्या. "सामू, तिथी कोनी बंदूक देल्ली तं घेऊ नोको रे!" त्या ओरडल्या. आजूबाजूच्या लोकांनी वळून पाहिलं. तो दारात उभा राहून हात हलवत होता. बाईंच्या सांगण्याला तो हो म्हणाला की नाही, ते गाडीच्या आवाजात कळलं नाही. बाई परत येताना रिक्षात मला म्हणाल्या, "तुमी तं हेच शिकवता न सर? मंग तुमाले काऊन नाई समजलं?" रिक्षा जटपुरा गेटातून आत शिरली. बाईंचा तेवढा एकच प्रश्न होता, आणि तो दहा गुणांचा नव्हता.

त्याच्या पत्त्यावर मी पुढे दोन पत्रं पाठवली. दोन्ही काही महिन्यांनी परत आली. वर शिक्का होता की त्या भागातली टपालसेवा बंद आहे. रेडिओवर त्याच्या देशाचं नाव मग वर्षभर आलं नाही. जेव्हा आलं तेव्हा आणखी एक सवलत मिळाली होती.

गाडी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मला परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत बोलावणं आलं होतं. मी त्याचा स्थानिक पालक होतो. तो गेला हे लिहून द्यायचं होतं. कारकून भला माणूस होता, मूल तालुक्यातला. त्याने पंखा माझ्याकडे वळवला आणि फॉर्म पुढे सरकवला. 'परत जाण्याचे कारण' या रकान्यात मी लिहायला लागलो की फी भरता न आल्यामुळे. त्याने माझा हात थांबवला.

"सर, असं नोका लिहू. मंग वरून इचारते, फी काऊन नाई भरली, कोनी भराची होती. मले चार कागद लिहा लागते आन तुमाले चकरा. मानूस तं गेला न? 'शिक्षण पूर्ण' लिहा. सगळे तेच लिहिते."

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. सॅम्युअल त्या वेळी विमानात असेल, नाहीतर उतरला असेल. उतरल्यावर त्याच्या हातात काय देणार होते, ते तोही जाणत होता, मीही. मी 'शिक्षण पूर्ण' लिहिलं. खाली सही केली. हुद्द्याच्या रकान्यात लिहिलं : प्राध्यापक, अर्थशास्त्र.